अर्ध्या खेपेचा रकाना

सुनंदाताई गेल्याचा फोन त्यांच्या भावाने केला. आजार माहीत होता. शेवटच्या भेटीत, रुग्णालयात, त्यांनी स्वतःविषयी काहीच सांगितले नव्हते. "फुलंब्रीकडे टँकर सुरू झाले का हो, सर?" एवढेच विचारले होते...

आम्ही दोघे शहरातल्या एका संगणक संस्थेत वर्षानुवर्षे डेटाबेस शिकवत होतो. तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात कोणत्या प्रकारची संख्या ठेवायची, हे आधी ठरवावे लागते. ताईंचा नियम सोपा होता: जे मोजायचे त्याला पूर्णांक, जे मापायचे त्याला दशांश. माणसे मोजतात, पाऊस मापतात.

दुष्काळात टँकरवाटपाची यादी संगणकावर तयार करण्याचे काम ताईंकडे आले. शहर बिडकीनच्या दिशेने पसरत होते, नव्या इमारतींनाही टँकरच लागत होते. त्यामुळे प्रत्येक खेप आधी नेमून द्यावी लागे. खेपांचा रकाना ताईंनी पूर्णांकाचा ठेवला. टँकर ही मोजायची वस्तू. अर्धा टँकर कोण पाठवतो?

फुलंब्रीकडच्या एका गावाला मात्र दीड खेप मंजूर होती आणि पलीकडच्या मेंढपाळांच्या वस्तीला अर्धी. दुसऱ्या खेपेचा टँकर दोन्हीकडे अर्धा-अर्धा रिकामा होई. रकान्याने अपूर्णांक छाटले. दीडची एक झाली, अर्ध्याचे शून्य. शून्य खेपांची वस्ती यादीत उतरलीच नाही.

काही दिवसांनी वस्तीवरच्या भागाबाई थेट संस्थेत आल्या. "ड्रायव्हर म्हनतो, तुमचं नाव यादीत नाय. आमी मेलो व्हय? लई शानी हाय म्हनं तुमची मशीन!"

मी त्यांना रकान्याचे गणित समजावू लागलो. ताईंनी मला थांबवले. "राहू द्या, सर." मग भागाबाईंकडे वळून म्हणाल्या, "मावशी, मशीन नाही चुकली. मी चुकले."

रकाना दशांशाचा करायला काही मिनिटे पुरली. पुढच्या टँकरबरोबर ताई स्वतः वस्तीवर गेल्या. परतल्यावर चहा बाजूला सारून म्हणाल्या, "काही घरांना कुलपं आहेत. मेंढरं विकून माणसं वाळूजला गेलीत, मजुरीला."

पुढे पाऊस झाला, पण ती कुलपे उघडली नाहीत. ताई दर उन्हाळ्यात चौकशी करत. नियम त्या शिकवत राहिल्या, मात्र त्यानंतर विचारत, "या रकान्यात सर्वांत लहान वाटा कोणाचा?"

"मॅडम, हे परीक्षेत येतं का?" मुले हसत.

"नाही येत. म्हणून तर विचारते."

कोणताही नवा तक्ता तपासताना पहिली नोंद अर्ध्याची करायची, ही त्यांची सवय. परवा माझ्या वर्गातल्या मुलांनी सरावासाठी तक्ता केला, आणि माझ्याही हातून आपोआप अर्धा भरला गेला. पडद्यावर शून्य उमटले.

"एवढ्यानं काय फरक पडतो, सर?" मागून कोणीतरी विचारले.

उत्तर ताई देतील म्हणून मी दाराजवळच्या, त्या नेहमी बसत त्या खुर्चीकडे पाहिले...