काजूचा सोडून

लॉन्ड्रीत माणूस नुसता कपडा देत नाही, त्याच्याबरोबर एक गोष्टही सांगतो. डाग कसा पडला, कुणामुळे पडला, आणि त्यात आपला कसा काडीचाही दोष नाही! चार दिवसांनी कपडा परत जातो. गोष्ट मात्र कोणी परत मागत नाही. माझ्याकडे अशी अकरा वर्षांची थप्पी साठली आहे.

मालवणहून तारकर्लीकडे जाताना एक तिठा लागतो, तिथे आमची लॉन्ड्री. आमची म्हणजे दाजींची. दाजी डाग काढतात, पन्नाशीचा बाबी इस्त्री करतो, आणि मी, सुलू, काउंटरवर बसून कपड्यांना चिठ्ठ्या टाचते, बटणं लावते आणि दोघांना ओरडून ओरडून जेवायला उठवते.

दारावर पाटी आहे, 'सर्व प्रकारचे डाग काढून मिळतील.' त्याखाली बारीक अक्षरात, 'काजूचा सोडून.'

आता काजूचा डाग म्हणजे बोंडूच्या, काजूच्या फळाच्या, रसाचा. पांढऱ्या कपड्यावर पडला तर आधी दिसतसुद्धा नाही. धुतलात की तपकिरी होऊन वर येतो, आणि मग कपडा फाटेपर्यंत साथ सोडत नाही. आमच्याकडे म्हणतात, हा डाग काजूचा सीझन संपला की फिका पडतो आणि पुढच्या सीझनला परत वर येतो. खरंखोटं देव जाणे! पण पाटीवरचे ते दोन शब्द एकदा तरी पुसायचे, एवढी एकच हौस दाजींनी जन्मभर धरली होती. ते शब्द पुसलेही गेले आणि परत लिहिलेही गेले. ते कसं, ते शेवटी सांगते. आधी बाकीचं ऐका.

*

दाजींचे प्रश्न तीनच. "कसलो? कधीचो? आणि घराकडे काय काय लावलास?"

पहिल्या दोन प्रश्नांना लोक सरळ उत्तरं देतात. तिसऱ्याला सगळे खोटं बोलतात. सगळे!

एक नवी नवरी आली. मुंबईची मुलगी, आमच्या गावात दिलेली. लग्नाच्या शालूवर सोलकढी सांडलेली.

"काहीच नाही लावलं हो," ती म्हणाली.

दाजींनी पदर नाकाजवळ नेला. "लिंबू."

मुलीने शालू हळूच मागे ओढला.

"मीठ. सोडा. आणि ह्यां काय? टूथपेस्ट?"

"व्हिडिओत दाखवलं होतं..."

"आणि व्हिडिओत शालू कोणाचो होतो?"

तिकडून इस्त्रीच्या टेबलावरून बाबी ओरडला, "दाजीनू, धुवच नका! वाइच मसालो घाला, लोणचां तयार जातलां!"

मुलगी आधी रडवेली झाली, मग एकदम हसायला लागली. शालू वाचला. तेव्हापासून ती सासूच्या तक्रारी आमच्याच काउंटरवर आणून टाकते. तेही डागच की. पण ते आम्ही काढत नाही, नुसते ऐकून घेतो.

*

पलीकडचा प्रकाश घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. एका मंगळवारी तो चादर घेऊन आला, आणि मागून पाहुणे नवरा-बायको. कोर्टात आल्यासारखे तिघे रांगेत उभे राहिले. चादरीवर वीतभर पिवळा डाग.

"ही आधीपासूनच अशी होती," पाहुणा म्हणाला. "आणि नसेल तर माझं सनस्क्रीन असेल."

दाजींनी चादर काउंटरवर पसरली. डाग ओला केला, वर साबण घासला. पिवळ्याचा झाला लालभडक! पाहुण्याची बायको किंचाळली, "अगंबाई, रक्त!"

"रक्त नाय, बाय. हळद. साबण लागलो काय लाल होता." मग दाजींनी चादर हुंगली. "बांगड्याचा तिखला."

प्रकाश खुशीत आला. त्याला वाटलं, खटला जिंकला. पण बायको त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती.

"काल कुणकेश्वरला जायचं म्हणून तुझा सोमवार होता ना रे?"

पाहुण्याचा चेहरा त्या डागासारखाच झाला. दाजींनी चादर मागच्या अंगणात उन्हात टाकली आणि जाता जाता म्हणाले, "हळदीक एक दिवसाचां ऊन पुरता. बायलेक काय पुरतलां तां माका ठावक नाय."

*

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ आले. अंगावर कडक इस्त्री, हातात कपडा काही नाही. काउंटरवर नुसतं बोट ठेवलं.

"हा डाग निघेल?"

बाबी म्हणाला, "निघात. पण बोट चार दिवस हयसर ठेवचां लागात!"

*

हसताय, हसा. पण एकदा मी खरंच घाबरले होते.

आमच्या वाडीतली शुभा नवऱ्याचा सदरा घेऊन आली. खांद्यावर, मानेच्या अगदी जवळ, लाल डाग. नवरा दशावतारात मृदंग वाजवतो, हंगामात महिना महिना घराबाहेर असतो. शुभाने सदरा पुढे केला आणि एवढंच म्हणाली, "दाजीनू, काढू नकात. फक्त सांगा, कसलो तो."

त्या बाईने घरून सगळं ठरवून आणलं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. दाजींनी 'लिपस्टिक' म्हटलं असतं तर ती तशीच माहेरच्या एसटीत बसली असती. मी काउंटरखाली हात घट्ट धरून उभी.

दाजींनी सदरा उजेडात नेला. नखाने खरवडला. बोटावर चोळला. किती वेळ लावला त्यांनी, काय सांगू!

"शुभा, हेच्या खाली पांढरो सफेदो आसा. वर लाल, कडेक काळो. खंयचीच बाई असा थोबाड रंगवना नाय. ही बाई न्हय गो, हो राक्षस आसा!"

"राक्षसाक मिठी कित्याक मारूक होयी?" शुभा काही सोडायला तयार नव्हती.

दाजींनी तिच्यासमोरच नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. तो बिचारा झोपेतून उठून सांगायला लागला, "अरे, आमच्या राक्षसाच्या लेकीक चेडू झाला, नात झाली तेका, दाजीनू! एन्ट्रीच्या आधीच फोन इलो. तो रडाक लागलो, मी खांदो दिलंय. मगे तसोच जावन देवाच्या हातसून मेलो!"

शुभा मटकन बाकावर बसली. हसली, रडली, आणि जाताना दारातून परत वळून म्हणाली, "आता काढा तो डाग."

मला तेव्हापासून वाटतं, डाग काढणं सोपं आहे. तो वाचता येणं हेच खरं काम. दाजींना ते येतं, असं मी छातीठोकपणे सांगायची. दाजी माणसाचं नाव विसरतील, पण त्याच्या शर्टावर कुठे काय सांडलं होतं ते दहा वर्षांनीही सांगतील.

म्हणूनच इंदूकाकीचं जे झालं ते आम्हाला फार लागलं.

*

इंदूकाकी वरच्या वाडीतली, सत्तरीची. तिचे यजमान, आपा, काजूच्या बागेतच उभे असायचे. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर गेले. दिवाळीच्या आधी काकी त्यांचा पांढरा शर्ट घेऊन आली. पेटीत राहून कॉलरला बुरशीचे काळे ठिपके धरले होते.

"एवढी बुरशी काढ गो," काकी म्हणाली. मी चिठ्ठीवर लिहिलं, 'बुरशी.'

बुरशी तासाभरात गेली. पण दाजींना खिशावरचा काजूचा डाग दिसला. सीझन संपलेला, डाग जरा फिका पडलेला. दाजी हट्टाला पेटले. तीन दिवस तो शर्ट त्यांनी हातातून खाली ठेवला नाही. काय केलं ते विचारू नका, त्यांनी आम्हालाही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी दाराबाहेर येऊन त्यांनी शर्ट उन्हात धरला. खिसा पांढराशुभ्र!

"आवशीचो घो!" बाबी एवढंच म्हणाला.

मी शेजारून भजी आणली. बाबीने शिडी लावली आणि पाटीवरचे ते दोन शब्द रंगाने बुजवून टाकले. दाजी खाली उभे राहून बघत होते. इतके खूश मी त्यांना कधीच पाहिले नव्हते.

संध्याकाळी काकी आली. कॉलर बघून मान डोलावली. मग खिशावर बोट फिरवलं. परत फिरवलं.

"हयसरचो डाग खंय गेलो?"

"काढलंय, वयनी!" दाजी म्हणाले. "काजीचो डाग! कोणाक जमना नाय, मी काढलंय!"

काकी शर्ट घेऊन बाकावर बसली. मग सावकाश बोलली, "गेल्या चैतात बागेतसून येताना तेनी माझ्यासाठी बोंडू हाडल्यानी. खिशातच घातल्यानी. माका मीठ लावन आवडता म्हणान. आणि मी काय बोल्लंय? 'पांढऱ्या शर्टाची वाट लावल्यात!' म्हणान रागान तो बोंडू फेकून दिलंय." तिने शर्टाची घडी घातली. "असांदे. काम चांगलां केलास हां."

आणि ती गेली. रागावली असती तर बरं झालं असतं.

मी चिठ्ठी फिरवून फिरवून बघत होते. 'बुरशी' एवढंच लिहिलेलं. खिशाला हात लावायला आम्हाला कोणी सांगितलं होतं? सकाळी खाल्लेल्या भज्यांची मला लाज वाटली, खरंच वाटली.

दाजी रात्री जेवले नाहीत, असं त्यांच्या बायकोने सांगितलं. सकाळी येऊन ते बाबीला म्हणाले, "शिडी लाव." बाबीने ते दोन शब्द परत लिहिले.

पुढे पाच महिने दाजींनी काकीचा विषय काढला नाही. होळी झाली, काजू पिकायला लागले. एक दिवस ते मला म्हणाले, "सुलू, वयनीकडसून तो शर्ट घेवन ये. सांग, बटण ढिलां आसा. आणि येताना तेंच्याच काजीखालचो एक बोंडू हाड."

मी गेले. काकीने काही न विचारता शर्ट दिला. मी झाडाखाली वाकले तेव्हा ती ओट्यावरच उभी होती.

शर्ट टेबलावर पसरला आणि आमची तिघांची जुंपली. डाग नक्की कुठे होता? बाबी म्हणे, खिशाच्या कोपऱ्यात. मी म्हणे, मधोमध. आणि दाजी, ज्यांना प्रत्येक डाग आठवतो ते दाजी, डोळे मिटून उभे राहिले आणि म्हणाले, "माका आठवना नाय गो."

शेवटी त्यांनी बोंडू घेतला, बागेतून येणाऱ्या माणसासारखा खिशात घातला आणि वरून तळव्याने दाबला. चाळीस वर्षं डाग काढणारा माणूस आज डाग पाडत होता. मग शर्ट धुतला, उन्हात घातला. संध्याकाळपर्यंत खिशावर तपकिरी डाग वर आला.

दुसऱ्या दिवशी काकी स्वतःच आली. दाजींनी शर्ट पुढे ठेवला, मान वर केली नाही.

"बटण लावलंय, वयनी. पण तो डाग... सीझन इलो काय परत येता म्हणतत, तां खरांच दिसता."

डागाबद्दल दाजी खोटं बोललेले मी तेवढं एकदाच ऐकलं.

काकीने चष्मा लावला. खिशावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून उभी राहिली. बाबीने इस्त्री बाजूला ठेवली. मी काउंटरवरून पुढे वाकले.

"इलो मगे परत," काकी म्हणाली. मग शर्टाची घडी छातीशी धरली, दाजींकडे बघितलं आणि म्हणाली, "पण ह्या खेपेक दोन बोटां खालती इलो."