उजेडात धरलेली जाळी

वाळलेली शाई काढण्यात दादांचा हात धरणारं आमच्या छापखान्यात कोणी नव्हतं. मालकीणबाईंचे हे थोरले भाऊ. पण बसायचे मागच्या मोरीत, स्टुलावर, कोपरापर्यंत रबरी मोजे चढवून. मी पुढच्या खोलीत कापडी पिशव्यांवर छपाई करायचे आणि जेवायच्या सुट्टीत स्क्रीनवर, म्हणजे लाकडी चौकटीत ताणलेल्या जाळीवर, शाई तशीच टाकून उठायचे. तासाभरात ती जाळीच्या छिद्रांत घट्ट बसायची. मग चौकट उचलून दादांपुढे ठेवायची आणि बोलणी खायची.

“तुला माझ्यासारखी सासू मिळायला हवी होती,” ते म्हणायचे.

घासायची घाई त्यांनी कधी केली नाही. थिनरमध्ये भिजवलेली दोन फडकी, एक जाळीच्या वरून, एक खालून, की दादा स्वस्थ बसले. शाई मऊ पडली की दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने टिपायची. शेवटी चौकट खिडकीच्या उजेडात धरायची. कुठे जराशी सावली दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

मग तीन आठवड्यांत तीन जाळ्या फाटल्या, तिन्ही दादांच्या हातून. मोरीतून खसाखसा घासल्याचा आवाज येऊ लागला होता.

“हल्ली जाळीच तकलादू येते,” दादा म्हणाले.

“जाळीला बोल लावू नकोस. तुझं लक्ष नसतं,” मालकीणबाई म्हणाल्या. “आणखी एक फाटली तर घरी बसायचं.”

हे त्या सगळ्यांसमोर बोलल्या. मला मुळीच आवडलं नाही, पण मी मूग गिळून बसले. शाई वाळवणारी मीच होते ना. घरी बसून दादा करणार काय होते? एकटा जीव, जन्मभर हेच काम केलेलं. त्या दिवसापासून ते सुट्टीतही स्टुलावरून उठेनात. एकेक जाळी तीन-तीनदा धुवायचे.

सोमवारी सकाळी मालकीणबाई मोरीपाशी आल्या. त्या तीनपैकी शेवटच्या चौकटीवरची फाटकी जाळी त्यांनी सोलून काढली आणि लाकूड वाकलंय का ते बघायला रिकामी चौकट खिडकीत धरली.

दादा स्टुलावरून म्हणाले, “वरच्या कोपऱ्यात अजून शाई राहिलीय. थांब.”

मला हसू आलं. मालकीणबाई वैतागल्या. “दादा, मस्करी पुरे.”

दादा ओलं फडकं घेऊन उठले आणि त्यांनी पुसायला हात घातला. हात चौकटीतून आरपार गेला. फडकं खिडकीच्या काचेला लागलं.

त्यांनी हात मागे घेतला, मोजा काढला आणि चौकटीच्या चारही कडा बोटांनी चाचपून पाहिल्या. सावली जाळीत नव्हतीच, दादांच्या डोळ्यांत होती, हे आम्हाला तेव्हा कळलं. माझी मला लाज वाटली.

“जाळी नाहीये?”

“नाहीये, दादा.”

“मग त्या फाटलेल्या तिन्ही?”

मालकीणबाईंनी खाली पडलेला जाळीचा तुकडा उचलला, उलटसुलट करून पाहिला.

“स्वच्छ होत्या रे, दादा.”