मुक्ताच्या लेखातला शेवटचा परिच्छेद

आज आमच्या जबलपूरच्या मराठी मंडळाच्या सचिवांनी मुक्ताच्या लेखातला शेवटचा परिच्छेद कापायला सांगितला, म्हणून लिहिते आहे.

गणपतीच्या अंकाची संपादक मी आहे. कॉलेजात शिकणाऱ्या मुक्ताने त्यात लिहिलंय, "सैन्यात शिरणाऱ्या चिनी मुलीच्या जुन्या कार्टूनमध्ये पुरुषवेषातल्या नायिकेवर नायक तिला पुरुष समजूनच भाळतो. त्याच गोष्टीच्या नव्या सिनेमात ते गाळलं. मला मुली आवडतात. तेवढंच दृश्य मला माझं वाटायचं."

"ताई, अंक घरोघरी जातो. हे काहून ठेवून राहिल्या?" सचिव म्हणाले.

"मंडळाच्या नाटकात तुम्ही लुगडं नेसून नायिका व्हायचात, तेव्हा?"

"त्याला लोक हसायचे जी."

"तुमच्या प्रेमाच्या प्रवेशाला रडायचे. मी पहिल्या रांगेत असायचे."

नाव छापायचं का, हे विचारायला मी मुक्ताला फोन केला.

"काकू, नावासकट छापा," ती म्हणाली.

शुद्धलेखन तेवढं सुधारलं. पाच वाजता लेखाची चारही पानं, तिच्या सहीसकट, छपाईसाठी सचिवांच्या हाती दिली.