गाडीनं शिकलेली चाल

“मग तिसऱ्यांदा पूस!”

“गिअरबॉक्सनं शिकलेलं दोनदा पुसलंय, काका! दोन्ही वेळा पंधरा दिवसांत तुम्ही तिला परत तेच शिकवून आणलंत.”

“मी शिकवतो? अडतीस वर्षं उझित्सेच्या घाटात बस चालवलीय मी. बर्फात! तू तेव्हा दुपट्यात होतास, वुकोमान.”

“म्हणून तर ऐका! ऑटोमॅटिक आहे ही. तुमचा पाय कसा पडतो ते बघून ती गिअर टाकते. दामटलीत तर दामटते, गोंजारलीत तर पेंगते.”

“काल चढावर दुधाचा टेम्पो मला मागे टाकून गेला. दुधाचा!”

स्वेतोझारकाकांचा आवाज वुकोमानच्या गॅरेजच्या पत्र्यावर आपटला. मुलीनं, रुझित्सानं बजावलं होतं, “गाडीत बिघाड असेल तर दुरुस्त करा, बाबा. नसेल तर चावी माझ्याकडे. घाटात असं रांगणाऱ्याला मागून ट्रक उडवतो.” त्यामुळे काकांना वुकोमानच्या तोंडून एकच वाक्य हवं होतं : गिअरबॉक्स खराब आहे.

काका बस घेऊन निघायचे तेव्हा कोसाराकाकू रोज मागून पाणी ओतायची, प्रवास पाण्यासारखा सरळ व्हावा म्हणून. शेवटची तीन वर्षं मात्र ती याच गाडीत शेजारी बसायची. आठवड्यातून तीनदा, डायलिसिसला. परतताना तिचा हात सुजलेला असे, साधा धक्का बसला तरी ती ओठ चावायची. मे महिन्यात गेली. आता ऑक्टोबर, प्लमची दारू गाळायचे दिवस आले होते.

“चला, दाखवतो,” म्हणत वुकोमाननं ड्रायव्हरशेजारचं दार उघडलं. सीटवर लोकरीची उशी होती. तो दार लावून मागे जाऊन बसला.

“मारा पाय!”

“मारतोय!”

पाय जेमतेम टेकला होता. प्रत्येक वळणाच्या कितीतरी आधी ब्रेक, तोही इतका हळुवार की काठोकाठ भरलेला पेला सांडला नसता. पुलापाशी रस्ता उखडलेला होता. तिथं काकांचा उजवा हात स्टिअरिंगवरून सुटला आणि शेजारच्या रिकाम्या सीटपुढे आडवा झाला. खड्डे संपेपर्यंत तसाच राहिला. मग गुपचूप परत आला.

“काय? सापडला बिघाड?” काकांनी आरशातून विचारलं.

“गाडी ठणठणीत आहे.”

“लबाडा! मग पेंगते कशी?”

“काका... हात आडवा कोणासाठी धरलात?”

काकांनी हाताकडे पाहिलं. मग गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि चावी मागे न बघता वुकोमानच्या तळव्यावर ठेवली. उशी नीट केली. उतरले.

“बसा हो, घरी सोडतो! काका! रुझित्साला काय सांगू मी?”

काका उताराला लागले होते. रस्त्याच्या कडेकडेनं, एकटे.