आधी बस, मग बोल

राजू गेल्याचं मला वडगावच्या बाजारात कळलं. मेथीची जुडी हातात होती आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याचा हसरा फोटो आला, खाली ओळीने जोडलेले हात. झोपेतच गेला म्हणे. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. हा न भेटताच गेला, एवढंच मनात आलं आणि मी मेथी घेऊन घरी आले. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. ज्यांना ती रीत पाळायची असेल त्यांनी हे पान खुशाल उलटावं.

राजू माझा मावसभाऊ. त्याची आई लवकर गेली, म्हणून तो भाजे गावी, लेण्यांच्या पायथ्याशी, आमच्याच घरी वाढला. आईचा लाडका. भाकरीचा पापुद्रा त्याला आणि खालची जाड बाजू मला, हा आमच्या घरचा कायदा होता. पुढे तो पुण्यात शिकला, लोणावळ्यात राहू लागला आणि व्हीआरच्या गोष्टी बनवू लागला. ते चष्म्यासारखं यंत्र डोळ्यांवर चढवलं की माणूस म्हणे दुसऱ्याच्या आयुष्यात शिरतो आणि त्याचं दुःख त्याला कळतं. आपण शेजाऱ्याच्या आयुष्यात यंत्राशिवाय शिरतो आणि तरीही आपल्याला काही कळत नाही, हे मी त्याला तेव्हाच सुनावलं होतं.

मग त्याला आई सापडली. म्हणजे होतीच, पण गोष्ट म्हणून सापडली. आठवडाभर येऊन त्याने आमचं स्वयंपाकघर आणि आई सगळ्या बाजूंनी कॅमेऱ्यात टिपली. पहिली आवृत्ती त्याने लोणावळ्याच्या एका रिसॉर्टवर लोकांना दाखवली. त्यात हातांनी वस्तू उचलता येत होत्या. विकेंडला आलेली मंडळी एका हातात चिक्की धरून दुसऱ्या हाताने माझ्या आईच्या चुलीवरचं पातेलं उचलून भिरकावत होती आणि खिदळत होती. माझं डोकं फिरलं.

"परक्याच्या घरात शिरून हात लावायला शिकवतोस, आणि ह्याला माणुसकी म्हणतोस?" मी सगळ्यांसमोर विचारलं.

तो यंत्र पुसत राहिला. पण नंतर त्याने गोष्टीतून हातच काढून टाकले. संगीत काढलं, बटणं काढली. ठेवली फक्त आईची सवय. लेण्यांकडे जाणारे पर्यटक आमच्या दारात पाणी मागायचे, रस्ता विचारायचे, फोटो काढायचे. आई पाणी द्यायची, पण बोलायची नाही. "आदी बसा. उब्या मानसाशी काय बोलायचं?" म्हणायची. त्यांना घाई असायची, मग ही आपल्या कामाला लागायची. राजूच्या गोष्टीतही तसंच. तुम्ही उभे राहिलात तर ती तांदूळ पाखडत राहते, जमिनीवर बसलात तरच मान वर करते. काही विचारते आणि तुम्ही उत्तर देईपर्यंत तुमच्याकडे बघत राहते. बसा, अशी सूचना दाखव म्हणून आयोजक त्याच्या विनवण्या करायचे. हा ऐकेल तर शपथ. कित्येक जण उभे राहून कंटाळायचे आणि यंत्र बिघडलंय म्हणून निघून जायचे.

आई गेली तेव्हा राजू परदेशात हीच गोष्ट दाखवत होता. त्याचा फोन आला.

"ताई, हितं लोकं मावशीसमोर बसून रडायला लागलीत गं..."

"मग ऱ्हा त्यांच्यातच," मी म्हणाले आणि फोन ठेवला. तो मातीला आला नाही, दहाव्यालाही नाही. जिने घास भरवला तिच्या तोंडात पाणी घालायला हा नव्हता, आणि जगाला माया शिकवत फिरत होता. त्यानंतर मी त्याच्याशी बोलले नाही. ते यंत्रही डोळ्यांना लावायचं नाही, असं ठरवलं.

त्याची शोकसभा एका हॉटेलात झाली. संवेदनशील, संवेदनशील असं ऐकून कान किटले. सगळे उभे, हातात चहा, नजर घड्याळाकडे. त्याची गोष्ट डोक्यावरून गेलेले एवढे लोक मी एकत्र कधी पाहिले नव्हते. नंतर त्याची बायको, शीतलवहिनी, मला घरी त्याच्या खोलीत घेऊन गेली. "ताई, एकदा तरी बघा. तुम्ही बघावं असं त्यांना फार वाटायचं," म्हणाली आणि यंत्र माझ्या हातात देऊन बाहेर गेली.

आईचा आवाज पुन्हा ऐकायला मी काहीही दिलं असतं, फक्त राजूच्या हातून नको होता. तरी चढवलं. समोर आमची चूल, आमची मांडणी, आणि सूप घेऊन बसलेली आई... मी उभीच राहिले. त्याने सांगितल्यावर मी बसायची नाही, हा माझा हट्ट. आईही तिच्याच हट्टाची. सूप हलत राहिलं, तिने मान काही वर केली नाही. शेवटी मी बसले.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"आलास व्हय रं राजू? जेवलास का?"

चित्रण करताना समोर तोच बसला होता. तिच्या त्या नजरेत माझ्यासाठी जागाच नव्हती. मी तिची पोटची लेक, आणि तिच्यासमोर राजू होऊन बसले होते. ती बघत राहिली, उत्तराची वाट पाहत.

"व्हय मावशी," मी म्हणाले, "जेवलो."

ते यंत्र मी वहिनीला परत दिलेलं नाही. भाज्याच्या घरी आईच्या पेटीत ठेवलंय. रविवारी जाते, आधी जमिनीवर बसते आणि मग ते डोळ्यांना लावते. माझा राग गेलेला नाही. पण आई त्याला अजून जेवलास का म्हणून विचारते, आणि उत्तर द्यायला आता घरात मीच आहे.