डाव्या बाजूचा अर्धा इंच

रोडपालीत किशोरी घरतच्या हातचा ब्लाऊज न घातलेली बाई दिवा घेऊन शोधावी लागली असती. लग्नसराई आली की तिच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. आगरी घरातल्या हळदीला चाळीस-चाळीस बायका एकाच रंगाच्या साड्या नेसतात. साड्या एका गठ्ठ्यात येतात, पण अंगं चाळीस तऱ्हेची. एकीचा खांदा उतरता, एकीची पाठ वाकलेली, एकीची एक बाजू दुसरीपेक्षा भरलेली. देव काही टेप घेऊन बसलेला नसतो. किशोरी माप घेताना हे सगळं बघायची आणि तोंडातून अवाक्षर काढायची नाही. कुठे टक्स, म्हणजे छातीखालची शिवलेली चुणी, थोडा वर सरकवायचा, कुठे अस्तर दुहेरी लावायचं, कुठे कटोरी पाव इंच मोठी कापायची. बाई आरशासमोर उभी राहिली की दोन्ही बाजू सारख्या. उरणला तिला शिवण शिकवणाऱ्या सोनाबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "बाईच्या अंगातली खोड कापडाला सांगायची, बाईला नाय." किशोरीने ते देवाच्या शब्दासारखं पाळलं. धंद्याला ते फार चांगलं होतं, आणि तिला स्वतःला तेच नडलं.

तिचं स्वतःचं अंग मात्र कापडाने झाकून झाकून ती कंटाळली होती. दोन पोरं अंगावर पाजली, दुसऱ्याच्या वेळी टायफॉइड झाला, आणि त्यानंतर छाती जी सुकली ती सुकलीच. स्वतःच्या ब्लाऊजला ती आतून स्पंजचे कप शिवायची. दिवसभर दुसऱ्या बायकांच्या भरल्या अंगावरून टेप फिरवायची आणि घरी येऊन स्वतःचे कप धुऊन वाळत घालायचे, तेही टॉवेलखाली, सासूला दिसू नयेत म्हणून. याची तिला लाज वाटायची आणि रागही यायचा. चौतिशीत बाईने नटायची हौस सोडून द्यावी असं कुठल्या पोथीत लिहिलंय, असं ती एकदा नवऱ्याला म्हणाली. निकेश जासईच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता. तो मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाला, "तुला पायजे ते कर. मला काय, चांगलंच हाय."

ही गोष्ट २०११ ची. किशोरीच्या दुकानाला लागून प्रांजलचं ब्युटी पार्लर होतं. दोघींची गेल्या आठ वर्षांची मैत्री. एकीच्या डब्यातली सुकी मासळी दुसरीच्या ताटात. प्रांजलने वर्षापूर्वी छाती भरून घ्यायचं ऑपरेशन करून घेतलं होतं आणि फक्त किशोरीला सांगितलं होतं. तिचे ब्लाऊज किशोरीनेच नव्या मापाने शिवले. तेव्हाच किशोरीच्या बोटांना कळलं होतं की प्रांजलची डावी बाजू उजवीपेक्षा वर आहे, चांगली अर्धा इंच. तिने नेहमीप्रमाणे डावा टक्स अर्धा इंच वर घेतला, अस्तर बदललं आणि ब्लाऊज घडी करून दिला. दोन्ही बाजू सारख्या असतात कोणाच्या? त्यावर तिने पुढे विचारसुद्धा केला नाही.

"अगं, काही नाही त्यात," प्रांजल एक दिवस किशोरीच्या भुवया कोरता कोरता म्हणाली. "दोन दिवस दुखतं, मग तू आणि तुझा आरसा. मी येते ना सोबत. डॉक्टर एकदम घरच्यासारखे आहेत."

किशोरीने आठ दिवस विचार केला आणि हो म्हणाली. सासूला सांगितलं, माहेरी जाते. खाडीपलीकडच्या त्या दवाखान्यात प्रांजल तिच्या शेजारी बसली, फॉर्म वाचून दाखवला, ऑपरेशनच्या सकाळी तिचं मंगळसूत्र स्वतःच्या पर्समध्ये सांभाळून ठेवलं. किशोरी गुंगीत जाताना तिचाच हात धरून होती.

पहिले चार महिने सोन्याचे गेले. कप कचऱ्यात गेले. निकेश दुकानात डबा द्यायला स्वतः येऊ लागला. किशोरीने स्वतःसाठी मोरपंखी रंगाचा प्रिन्सेस कट ब्लाऊज शिवला आणि कळंबोलीतल्या एका बारशाला घालून गेली, आणि बायकांनी वळून वळून बघितलं. मग पाचव्या महिन्यात एक दिवस कापड कापायला हात लांब केला आणि डावीकडे आत काहीतरी ओढल्यासारखं झालं. आंघोळीच्या वेळी बघितलं तर डावी बाजू वर चढलेली, हाताला कच्च्या पेरूसारखी कडक. खालच्या बाजूला गोलाईच्या आत आणखी एक वळी पडलेली. उजवीकडे काखेजवळ, ती वाकली की कातडीवर सुरकुत्यांच्या लाटा उठायच्या, आत घातलेल्या पिशवीची कड बोटाला लागायची. तिने दाराला कडी घातली, टेप घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं माप नीट घेतलं. डावी बाजू अर्धा इंच वर होती.

डॉक्टर म्हणाले, "सेटल होईल. मसाज करा." तिने मसाज केला. दोन महिन्यांनी म्हणाले, "प्रत्येकीची बॉडी वेगळी असते." त्यानंतर म्हणाले, "इम्प्लांटभोवती शरीर स्वतःच पापुद्रा धरतं, तुमचा जरा जास्त आवळलाय." वर्ष गेलं तेव्हा एकदाचे म्हणाले की रिव्हिजन करावी लागेल, म्हणजे पुन्हा उघडून तो पापुद्रा काढायचा आणि इम्प्लांट बदलायचं. हे सगळं ते इतक्या गोड आवाजात सांगायचे की किशोरीला वाटायचं, चूक आपल्याच शरीराची आहे. घरी निकेशला सांगितलं तर तो म्हणाला, "मी कुठं सांगितलेलं? तुलाच हौस होती." हात दाखवून अवलक्षण, असं सासू काही ओढवून घेतलेल्या माणसाला म्हणायची. सासूला काहीच माहीत नव्हतं, तरी त्या दिवसापासून ती म्हण किशोरीला प्रत्येक वेळी आपल्यालाच लागायची.

मधल्या काळात ती पनवेलमधल्या एका डॉक्टरीण बाईंना दाखवून आली. बाई स्पष्ट बोलणाऱ्या होत्या. त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. दुसरं ऑपरेशन करता येतं, म्हणाल्या, पण पापुद्रा पुन्हा आवळणार नाही असं कोणी लिहून देणार नाही. वळी जाईल, लाटा कमी होतील, पण पूर्ण जातीलच असं नाही. दोन्ही काढून टाकायचाही रस्ता आहे. मग कातडी सैल राहील. "घाई नाही. पण आधीच्या ऑपरेशनचं कार्ड घेऊन या. आत काय घातलंय, केवढं घातलंय, ते मला कळलं पाहिजे."

ते कार्ड मागायला किशोरी पुन्हा त्या दवाखान्यात गेली, आणि तिथे सगळं फुटलं. काउंटरवरच्या मुलीने कार्ड शोधायला वेळ लागेल म्हणून तिला बसवलं, पाणी दिलं आणि आवाज खाली आणून समजुतीच्या सुरात म्हणाली, "मॅडम, दुसरीकडे कशाला जाताय? सर रिव्हिजन फ्री करून देतील. तुमच्या ओळखीतले दोन पेशंट आणा फक्त. तुमच्याकडे एवढ्या लेडीज येतात ना? प्रांजल मॅडमनी तेच केलं. त्यांची डावी साइड अशीच झाली होती. तुम्ही आणि आणखी एक जण आलात, आणि सरांनी त्यांची रिव्हिजन करून दिली."

किशोरी कार्ड न घेताच उठली. एनएमएमटीच्या बसमध्ये खिडकीशी बसून ती कळंबोलीपर्यंत आली, आणि सगळ्या वाटेवर तिच्या डोळ्यांसमोर एकच होतं: आपल्या हातातली टेप, प्रांजलच्या डाव्या बाजूवर. केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते तिला आज कळलं. तिचं मंगळसूत्र ज्या पर्समध्ये होतं, त्याच पर्समध्ये त्या दिवशी हा सौदाही होता.

पार्लरमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. किशोरी दारातूनच म्हणाली, "तुजी बाजू बिघडली होती. तरी मला तितंच नेलंस?"

प्रांजलने हातातला ब्रश खाली ठेवला. नाकबूल केलं नाही, एवढं तिचं श्रेय. "मला नीट व्हायचं होतं गं. मला वाटलं, माझं चुकलं असेल, तुझं कशाला चुकेल? प्रत्येकीची बॉडी वेगळी असते."

"ते डॉक्टरचं बोलणं हाय. तुजं सांग. मला एक शब्द का नाय बोललीस?"

मग प्रांजलचा चेहरा बदलला. पकडलेलं माणूस जसं उलटतं तशी ती उलटली. "आणि तुला माहीत नव्हतं? माझे ब्लाऊज कोण शिवत होतं, किशोरी? अर्धा इंच वर कोण घेत होतं? तू तरी मला विचारलंस का, की हे असं का झालं?"

आपलं मैत्रीण म्हणून काय चुकलं, हे असं फसवणाऱ्याच्याच तोंडून ऐकायला लागावं याहून मोठा अपमान नाही, आणि त्यात खरं निघावं हे तर फारच वाईट. किशोरी दुकानात परत आली आणि त्या दिवशी तिने एकही ब्लाऊज कापला नाही.

त्यानंतर चार महिने दोघी एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून एकमेकींशी बोलल्या नाहीत. किशोरी मात्र त्या फुकटच्या ऑपरेशनचा विचार सोडू शकली नाही. खोटं कशाला बोला? दोन बायकाच तर आणायच्या होत्या. तिच्याकडे दिवसाला दहा यायच्या आणि त्यातल्या चार टेपखाली उभ्या राहून आपणहून म्हणायच्या, माझं काहीच नाय हो ताई, जरा कप लावा. तिने फक्त एक नाव सांगायचं होतं. डावी बाजू दिवसेंदिवस आवळत होती, आणि स्वतःसाठी ती जे ब्लाऊज शिवत होती ते इतके सफाईदार असायचे की बघणाऱ्याला हेवा वाटावा.

माघात भाविका आली. ही जासईची, चोवीस वर्षांची, होळीनंतर लग्न. लेहंग्याच्या चोळीचं माप द्यायला आली होती. किशोरीने टेप गळ्यातून काढली तेव्हा ती लाजत, जमिनीकडे बघत म्हणाली, "ताई, एक इचारू? प्रांजलताई म्हनल्या, तुमाला इचार. त्या म्हनल्या, किशोरीताईंचं बघ, कुनाला कलतं तरी काय? लग्नाआधी करून टाकते मी. तुमी सांगाल त्या डॉक्टरकडं जाते."

किशोरीच्या हातातली टेप हातातच राहिली. म्हणजे प्रांजलला अजून बायका पाठवायची गरज होती. तिची दुसरी बाजूही बिघडली असेल, किंवा पहिलीच पुन्हा. आणि ती आता किशोरीलाच दाखवायचा नमुना म्हणून वापरत होती, किशोरीनेच शिवलेल्या ब्लाऊजसकट. पोरगी मात्र डोळ्यांत पूर्ण विश्वास घेऊन उभी होती. किशोरीने नुसतं हो म्हटलं असतं तरी दोनपैकी तिची एक बाई झाली असती. तेवढ्या एका क्षणात तिने खरंच हिशोब केला: ही एक, आणखी एक शोधायची, मग आपण मोकळ्या. नंतर कित्येक दिवस तिला त्या क्षणाची आठवण आली की तोंड कडू व्हायचं.

तिने ट्रायल रूमचा पडदा ओढला. भाविकाला आत घेतलं आणि ब्लाऊजचे हूक काढायला सुरुवात केली, स्वतःच्या. नवऱ्यालाही गेलं वर्षभर तिने उजेडात असं बघू दिलं नव्हतं. तिने ब्लाऊज काढला आणि हात वर केला, म्हणजे डावीकडची वळी दिसावी. मग पुढे वाकली, म्हणजे उजवीकडच्या लाटा दिसाव्यात.

"हात लाव," ती म्हणाली. "बघ कशी कडक हाय. प्रांजलचंबी असंच झालंय. डॉक्टर म्हनेल सेटल होतंय. नाय होत. आनि मी तुला तिकडं पाठवलं असतं तर माजं फुकट झालं असतं, हेबी ऐकून ठेव."

भाविकाने हात लावला. तिची बोटं गार होती. बाहेर कोणीतरी दुकानाचं दार ढकललं, "ताई हायेत का?" असं विचारलं, आणि कोणी बोललं नाही म्हणून निघून गेलं. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट जासईत पोचणार, उद्या रोडपालीत आणि परवा सासूच्या कानावर, हे किशोरीला ठाऊक होतं. फुकटचं ऑपरेशनही आता गेलं. ती वाट बघत होती की पोरगी तोंड वळवेल, ई म्हणेल, पळून जाईल.

भाविकाने खाली पडलेला ब्लाऊज उचलला, किशोरीच्या हातांत चढवला आणि खालून वर एकेक हूक लावायला लागली, शिकाऊ हाताने, एक काज चुकवून. शेवटचा हूक लावता लावता तिने हळूच विचारलं, "दुखतं का हो?"

दोन वर्षांत हे डॉक्टरने विचारलं नव्हतं, प्रांजलने नाही, निकेशनेही नाही. किशोरीला हो म्हणायचं होतं, पण त्याआधीच तिला रडू फुटलं.