काकूंचं व्हिएन्नातलं सेमिस्टर

“अगं, रिकामं नाही द्यायचं!” असं म्हणत काकू आमच्याकडून गेलेलं भांडं भरूनच परत करायच्या. काही नसेल तर चार खजूर, तेही नसतील तर चमचाभर साखर. अमेरिकेत, श्रूजबरी गावात त्या आमच्या समोर राहायच्या. त्यांच्यामुळे माझ्या घरात चिवड्याला कधी तोटा नव्हता आणि माझं वजन कधी उतरलं नाही.

अशी एखादी काकू तुम्हीही पाहिली असेल. पण तुमची काकू व्हिएन्नाला शिकायला गेली नसेल. आमची गेली. ऐंशीच्या दशकात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी.

लग्न ठरलं म्हणून नागपूरला त्यांचं बी.ए. दुसऱ्या वर्षात सुटलं होतं, आणि ते त्यांना फार सलायचं. मुलं हायस्कुलात गेल्यावर त्यांनी जवळच्या कॉलेजात नाव घातलं. सगळे विषय सुटले, राहिली फक्त परकी भाषा. “मराठी चालेल का?” असं त्यांनी विचारून पाहिलं, पण पेपर तपासायला माणूस नव्हता. मुलं शाळेत असतानाच्या वेळेत जर्मनचाच वर्ग भरायचा, म्हणून जर्मन. आता एक सेमिस्टर व्हिएन्नात काढून शेवटची तोंडी परीक्षा दिली की पदवी हातात.

“मॉम, दॅट्स फॉर किड्स!” मुलगा ओरडला.

“जाऊ दे रे तिला,” काका म्हणाले. मग हळूच काकूंना विचारलं, “पण ओरलला फेल झालीस तर?”

“तर पुन्हा बी.ए.चं नाव काढणार नाही.”

काकू गेल्या. बॅगेत कपडे कमी आणि पोहे जास्त होते.

पुढचं मला त्यांच्या पत्रांतून कळत गेलं. घरमालकीणबाई वयस्कर, एकट्या आणि शिस्तीच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी स्वागत म्हणून ताटलीभर सफरचंदाचा केक दिला. काकूंनी ताटली धुतली आणि शिरा भरून परत केली. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीतून बिस्किटं आली. काकूंनी चिवडा दिला. पुन्हा केक आला. काकूंना वाटलं, बाई किती मायाळू! बाईंना वाटलं, हिला कोणाचं काही ठेवून घेणं खपत नाही, मग मी तरी का मागे राहू?

महिनाभरात दोघींचे कपडे घट्ट झाले. ‘काल पाच किलो रवा आणला,’ काकूंनी मला लिहिलं. ‘अभ्यासाला वेळच होत नाही गं. काकांना बोलू नकोस.’

शेवटी एकदा बाई ताटली घेऊन धापा टाकत दारात आल्या. म्हणाल्या, “तुमच्या देशात हे संपतं कधी?”

“संपत नाही,” काकू म्हणाल्या.

बाई मटकन खुर्चीत बसल्या आणि हसत सुटल्या. त्या दिवसापासून ताटलीबरोबर रोज तासभर गप्पाही सुरू झाल्या.

तोंडी परीक्षेला समोर तीन प्राध्यापक. “व्हिएन्नातली कोणकोणती संग्रहालयं पाहिलीत?”

काकूंनी एकही पाहिलं नव्हतं.

“मग इतके महिने केलंत काय?”

काकूंनी ताटलीची अख्खी हकिगत सांगितली, रवा कुठवर भाजायचा त्यासकट. एक प्राध्यापक डोळे पुसायला लागले. काकूंना वाटलं, आपलं जर्मन ऐकून रडतायत बिचारे. त्यांनी तडक घरी फोन लावला. “गेलं हो, बी.ए. गेलं माझं!” मला हे सांगताना काका रडले. मीही रडले. आठवड्याने निकाल आला: पास. खाली शेरा होता, ‘उमेदवार बोलताना थांबत नाहीत.’

काकूंना जाऊन आता बरीच वर्षं झाली. अजून त्यांची फार आठवण येते. शेवटच्या आजारपणात मी त्यांना हॉस्पिटलला घेऊन गेले होते. त्यांचा हात फार थरथरायचा, म्हणून फॉर्म मीच भरत होते. नाव, पत्ता, वय. शिक्षणाचा रकाना आला, तसं त्यांनी माझ्या हातातलं पेन काढून घेतलं.

“थांब. हे मी लिहिते.”

चांगली पाच मिनिटं लागली. मागे रांग खोळंबली. दोनच अक्षरं होती, पण रकान्यात मावली नाहीत.